तट्टाच्या दाट केसांतील उवा

प्रश्न : थंडीत आमच्या तट्टाच्या अंगावर दाट केस आले असून ते सतत खांबाला अंग घासते, आयाळीखाली लिखा दिसतात. गाईंसाठी आणलेले गोचिडांचे औषध लावावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते कृपया लावू नका. गोचिडांच्या काही औषधांत अमिट्राझ असते आणि त्यामुळे घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतणारी पोटदुखी होऊ शकते. घोड्यांना चालणारे परमेथ्रिनयुक्त औषध पशुवैद्यकांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. दाट केसांतून औषध कातडीपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून आधी केस कातरावेत. मात्र नाशिकची पहाटेची थंडी लक्षात घेता, त्यानंतर रात्री स्वच्छ झूल घालणे आवश्यक आहे. औषधाने लिखा मरत नसल्यामुळे, त्यांतून निघालेल्या उवांनी पुन्हा अंडी घालण्यापूर्वी त्यांना मारण्यासाठी साधारण १४ दिवसांनी हाच उपचार पुन्हा करावा लागतो, आणि नेमकी येथेच अनेकांची चूक होते. सोबतच्या सर्व घोड्यांवर एकाच दिवशी उपचार करावेत; खरारा, झूल आणि खोगिराखालचे कापड गरम पाण्याने धुवावे. या उवा माणसांच्या अंगावर टिकत नाहीत. तट्टाच्या हिरड्या फिकट दिसत असतील, तर रक्त शोषणाऱ्या उवांमुळे रक्तक्षय झालेला असू शकतो; अशा वेळी तपासणी मुळीच लांबवू नये.