बाबांची गाडी ठेवू की विकू

तुझा मेसेज दोनदा वाचला. विकायचं म्हटलं की पोटात तुटतं आणि ठेवायचं म्हटलं की खर्च दिसतो, बरोबर ना? मग आधी माझी चूक ऐक.

मीपण अशीच घरची जुनी गाडी ठेवली होती, तीन वर्षं, कव्हर घालून. चालवायची नाही आणि विकायचीही नाही. अधूनमधून कव्हर उचलायचं, तापलेल्या रेग्झिनचा आणि पेट्रोलचा तो वास घ्यायचा आणि परत झाकून टाकायचं. मला वाटायचं मी जपतोय. आत उंदरांनी वायरिंग खाल्लं, कार्बोरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं, पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटलं, ब्रेक चाकातल्या ड्रमला चिकटून बसले. नुसती उभी गाडी जास्त खराब होते हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा. शेवटी टो करून नेली तेव्हा मागची चाकं फिरेचनात, घासत गेली.

म्हणून तू आधी ती चालवण्यालायक कर, मग काय ते ठरव. टायरची नक्षी चांगली दिसतेय म्हणून फसू नको. टायरच्या बाजूला इंग्रजीत DOT लिहिलेलं असतं, त्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघ, २३१४ असेल तर तो २०१४ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय, आणि रबर न चालताही म्हातारं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, मग लांब उतारावर तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल नुसतंच खाली जातं, ब्रेक लागत नाही, तर ते पहिलं बदल. पेट्रोलचे पाइपसुद्धा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं.

मग महिनाभर तू स्वतः चालव. तुझ्या सगळ्या आठवणी मागच्या सीटवरच्या आहेत रे, काचेला डोकं टेकून झोपलेल्या. पुढे बसलेला माणूस तेव्हा थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून चोक देत होता, चढावर टेम्परेचरचा काटा बघत होता आणि ते जड स्टिअरिंग खांद्यांनी वळवत होता. माझे बाबा प्रवासात एवढे का चिडायचे ते मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी जुन्या गाडीत.

अजून एक गोष्ट आपण आठवणीतून सोयीने गाळतो. तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ सालीच आणला होता, कंपनीने पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं होतं, तरी मागच्या सीटवर तो पोचायला कितीतरी गाड्यांना खूप वर्षं लागली. आम्ही दोन सीटांच्या मधे उभे राहून जायचो आणि जोरात ब्रेक लागला की आईचा हात आडवा यायचा. आठवलं की अजून बरं वाटतं, पण खरंच धडक झाली असती तर त्या हाताचा काडीचा उपयोग नव्हता. तेव्हा लहान मुलांना त्या गाडीत रोज नेऊ नको, एवढं ऐकच.

महिन्याने विकावीशी वाटली तर वीक, मला विचारत बसू नको. फक्त ग्लोव्ह बॉक्स आणि डिकी स्वतः रिकामी कर. माझ्याकडून घाईत राहून गेलं, त्यात बाबांची छोटी वही होती, किती किलोमीटरला किती पेट्रोल भरलं ते लिहिलेली.