स्थिरपद काढण्याची घाई करू नका

रिग्रेशन, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा बसवणे, शिकायला घेतल्याबरोबर ‘स्थिरपद कसे आणि केव्हा काढावे?’ असे आपण विचारलेत, हे चांगले लक्षण आहे. स्थिरपद, म्हणजे इंटरसेप्ट, हे पहिली राशी शून्य असताना रेषा देते ते मूल्य. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत प्रारूपाच्या सूत्राच्या शेवटी ‘उणे १’ किंवा ‘अधिक ०’ लिहिले की ते जाते. तंत्र एवढेच, अवघड आहे ते केव्हा काढू नये हे ओळखणे.

आर-वर्ग, म्हणजे नोंदींमधल्या चढउताराचा किती भाग रेषेने टिपला याचे माप, वाढला म्हणून हुरळून जाऊ नका. ‘आर’सोबत मिळणाऱ्या ‘कार्स’ या संचात गाडीचा वेग आणि थांबायला लागलेले अंतर यांच्या ५० नोंदी आहेत. स्थिरपद ठेवले तर आर-वर्ग ०.६५ येतो आणि काढले तर ०.९०, मात्र अवशेषांची (प्रत्यक्ष नोंद आणि रेषेचा अंदाज यांतल्या फरकांची) प्रमाण त्रुटी १५.४ फुटांवरून १६.३ फुटांवर जाते, म्हणजे रेषा प्रत्यक्षात अधिक वाईट बसते. स्थिरपद नसताना एकूण चढउतार सरासरीपासून नव्हे, तर शून्यापासून मोजले जाते, म्हणून या दोन आर-वर्गांची तुलनाच होऊ शकत नाही.

आणखी दोन नेहमीच्या चुका:

- केवळ पी-मूल्य (स्थिरपद खरोखर शून्य असते तर इतका किंवा याहून टोकाचा अंदाज येण्याची शक्यता) मोठे आले म्हणून, किंवा रेषा शून्यातून जायला हवी असे वाटते म्हणून, स्थिरपद काढणे. शून्य वेगाला शून्य अंतर हे खरेच. पण ‘कार्स’मधल्या नोंदी ताशी ४ मैलांपासून सुरू होतात आणि त्याखाली संबंध सरळ रेषेतच असेल असे नाही.
- पायथन या संगणकभाषेच्या ‘स्टॅट्समॉडेल्स’ संग्रहात सूत्राऐवजी थेट आकड्यांची सारणी देऊन स्थिरपद गृहीत धरणे. तेथे ते स्वतः घालावे लागते. (यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.)

गटवाचक चलांचे, म्हणजे संख्येऐवजी गट सांगणाऱ्या राशींचे, प्रकरण निराळे आहे. ते सध्या बाजूला ठेवा. आधी स्थिरपद असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रारूपांच्या अवशेषांचे आलेख काढून पाहा.