नेदरलँड्समधल्या आमच्या अंगणातल्या पोपलरच्या फांद्यांतून वसंतात पांढरट चिकट द्रव येतोय. बोर्डो पेस्ट लावली तर झाड वाचेल का?

पेस्टनं नाही. मोरचूद-चुन्याची ही पेस्ट सालीवर बसते, आणि हा द्रव ज्या जिवाणूमुळे येतो तो सालीच्या आत असतो. झँथोमोनास पॉप्युली, डाळिंबाचा तेल्या, लिंबाचा खैऱ्या या रोगांच्या जिवाणूंच्याच कुळातला, पण थंड हवेत रमणारा.

पेस्टचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मी बेल्जियममधल्या एका रोपवाटिकेत होते. हिवाळ्यात छाट कलमांसाठी काड्या काढायच्या होत्या. कडेच्या एका झाडाच्या खोडावर, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, सुजलेल्या कडांची जखम होती. मधोमध साल फाटून लाकूड उघडं पडलेलं. मी म्हणाले, या झाडाच्या काड्या नकोत. प्रमुखांनी खालूनच पाहिलं. "थंडीनं साल तडकलीय, शिडी घे आणि पेस्ट लाव." फ्रेंच संशोधक रिदे यांनी हा जिवाणू १९५८ सालीच दाखवून दिला होता, तरी थंडीच! पेस्ट लावली. काड्याही काढल्या, दिसायला सरळ आणि तुकतुकीत. रुजल्याही.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये कळ्या फुगत होत्या. एका रोपाच्या कोवळ्या फांदीवर, डोळ्याच्या, म्हणजे कळीच्या, बुडाशी नखानं ओरखडल्यासारखी चीर दिसली आणि तिच्यातून दुधाळ थेंब. बोट लावलं तर तार धरली. पुढच्या रोपाला तेच, त्यापुढच्याला तेच. अख्खा वाफा उपटून जाळला. प्रमुख म्हणाले, पावसानं आला असेल. शेजारचा वाफा त्याच वाणाचा, फक्त काड्या दुसऱ्या झाडाच्या. तिथे एकही थेंब नव्हता. पाऊस काय वाफा बघून पडतो?

शिंतोड्यांनी रोग पसरतो, हे खरं. कळीचे खवले, पानं गळाली की राहणाऱ्या ताज्या व्रणांतून तो शिरतो. पण तो शेजारच्या झाडापर्यंत. दूरवर त्याला माणूसच नेतो, निरोगी दिसणाऱ्या कलमांतून. तुमच्या झाडाची एक काडीसुद्धा कुणाला देऊ नका, मागणारा कितीही जाणकार असो.

रोगट फांद्या कोरड्या हवेत, जखमेच्या बऱ्याच खाली कापून जाळा. दर कापणीनंतर करवत स्पिरिटनं पुसा. खोडाला जखमेचा वेढा पडला असेल तर झाड काढा आणि नवीन लावताना प्रतिकारक वाणच घ्या.

हे सगळं तुमचा द्रव जिवाणूचाच आहे असं धरून. सालीतून नारिंगी धागे निघत असतील तर ती सायटोस्पोरा बुरशी असू शकते. तोडायच्या आधी, थेंब ओला असतानाच, एक फांदी प्रयोगशाळेत तपासून घ्या.