पिट्युटरीची गाठ नाकातून काढू म्हणतात. वडिलांचं डोकं उघडूनच करणं जास्त सुरक्षित नाही का?

चार वर्षांपूर्वी माझी अशीच गाठ नाकाच्या वाटेनं निघाली, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे.

पिट्युटरी ही हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी मेंदूच्या खालच्या अंगाला, नाकाच्या मागे हाडाच्या खळग्यात असते. वरून जायचं तर कवटी उघडून मेंदू बाजूला सारत जावं लागतं. नाकातून गेलं की मेंदूला न हलवता खालून थेट गाठीपाशी पोचतात. ही वाट जुनी आहे. १९०७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला श्लॉफर नावाच्या सर्जननी नाक चिरून, बाजूला सारून याच मार्गानं पिट्युटरीची गाठ काढली होती. नवी आहे ती नाकातून आत बघायची दुर्बीण, तीही गेल्या तीसेक वर्षांतली.

माझी गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण दोन्ही कडांचं गायब. दोन चष्मे बदलून झाले, मग कुणीतरी फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं त्याची तपासणी, करायला लावली.

ऑपरेशनला दोन सर्जन होते. कान-नाक-घसावाल्यांनी वाट करून जेमतेम चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण धरली, न्यूरोसर्जननी गाठ काढली. बाहेर एकही टाका नाही. यावरून सगळे नातेवाईक 'चला, किरकोळच होतं' म्हणाले, ते मात्र मनावर घेऊ नका. गाठीच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असतात. म्हणून अशी ऑपरेशनं नेहमी करणारीच टीम शोधा आणि 'वर्षाला किती करता?' हे न लाजता विचारा.

माझ्या वेळी मेंदूभोवतीचं पाणी झिरपलं, म्हणून नाकाच्या पडद्याचं अस्तर, त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवून, वळवून भोकावर बसवलं. ही युक्ती अर्जेंटिनातल्या सर्जननी २००६ मध्ये प्रसिद्ध केली.

खरा वैताग नंतरचा. नाकात बोळे, तोंडानं श्वास, घशाला कोरड. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, कुंथायचं नाही. लघवी मात्र धो-धो. बायको मापाच्या भांड्यानं मोजून वहीत लिहायची, तेव्हा मला लाज वाटायची. पण त्या वहीवरूनच डॉक्टरांनी औषध ठरवलं.

घरी आल्यावर, साधारण आठवड्याच्या सुमारास, उलटं होऊन, म्हणजे अंगात पाणी साठून, रक्तातलं सोडियम (मीठ) घसरू शकतं. मळमळ, डोकेदुखी, गुंगी दिसली तर 'अशक्तपणा असेल' म्हणून लिंबू-सरबत पाजत बसू नका, लगेच फोन करून रक्त तपासा. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकलं, तरीही तसंच.

गाठ धमनीच्या पलीकडे, बाजूला पसरली असेल तर नाकातून सगळी निघत नाही. तेव्हा थोडी ठेवून नंतर रेडिएशन देतात, किंवा वरूनही जावं लागतं. हे एमआरआय बघूनच ठरतं.

आणि हे आधी विचारायला हवं होतं: वडिलांच्या रक्तातलं प्रोलॅक्टिन (पिट्युटरीतलं एक हार्मोन) तपासलंय का? ते हार्मोन जास्त बनवणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, सुरीची गरज पडत नाही. रिपोर्ट आला नसेल तर तो येईपर्यंत तारीख घेऊ नका. अपवाद एकच, नजर झपाट्यानं जात असेल तर. तेव्हा उद्याचं आज करा.