निम्फ म्हणजे नक्की काय? पोर्तुगीजमध्ये ग्रीक कथेतल्या आणि किड्यांमधल्या निम्फला वेगवेगळे शब्द आहेत का?

वेगळे शब्द नाहीत, दोन्हीकडे निन्फा. स्त्रीलिंगी आहे, एक असेल तर ऊमा निन्फा. पण किड्याबद्दल लिहिताय तर किडा कोणता ते आधी बघा, त्याचं खाली सांगते.

ग्रीकमध्ये मूळ अर्थ नवरी, लग्नाच्या वयाची मुलगी. कथांमध्ये मग झरे, झाडं, डोंगर, समुद्र यांच्यात राहणाऱ्या देवता. आपल्याकडे सरसकट अप्सरा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, अप्सरा इंद्राच्या दरबारातल्या आणि या आपापल्या झऱ्याला नाहीतर झाडाला धरून राहणाऱ्या, त्यामुळे जलदेवता, वनदेवता जास्त जवळचं वाटतं. पोर्तुगीज कवी कामोइंश, जो काही वर्षं गोव्यातही होता, त्याने १५७२ च्या महाकाव्यात सुरुवातीलाच तेजू नदीच्या निन्फांना साकडं घातलंय.

आता किडे. ज्यांच्यात कोश नसतो, अंडं, पिल्लू आणि थेट प्रौढ, त्यातलं पिल्लू म्हणजे निम्फ. नाकतोडा, झुरळ, ढेकूण, तुडतुडे सगळे यातच. शेतीच्या माहितीत "पिल्ले व प्रौढ पानातील रस शोषतात" असं असतं ना, तीच ही पिल्लं. दिसायला बरीचशी मोठ्यांसारखी, फक्त पंख पूर्ण आलेले नसतात, आणि कात टाकत टाकत वाढतात. किचनमध्ये कधी पांढरंफटक झुरळ दिसलं तर ती वेगळी जात नाही, नुकतीच कात टाकलेली असते, काही तासांत परत तपकिरी होतं. चतुराचं पिल्लू तर भारीच, पाण्यात राहतं आणि खालचा ओठ झटकन पुढे फेकून बेडकाची पिल्लंसुद्धा पकडतं.

आता घोळ होतो तो मधमाशीपाशी. तिच्यात कोश असतो, तरी पोर्तुगीजमध्ये कोशावस्थेतल्या मधमाशीलाही निन्फा म्हणतात आणि ही सवय फार जुनी आहे, अ‍ॅरिस्टॉटलनेही मधमाशीच्या त्याच अवस्थेला हाच शब्द वापरलाय. म्हणजे मधमाशीच्या मजकुरात निन्फा दिसलं तर मराठीत "पिल्लू" लिहू नका, कोशावस्था लिहा, आणि ढेकणाच्या मजकुरात असेल तर बिनधास्त पिल्लू. फुलपाखराच्या कोशाला क्रिझालिदा आणि सुरवंटाला लागार्ता, तिथे निन्फा नको.