छावणीतून ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगावे का?

सप्रेम नमस्कार,

दक्षिण सुदानमधील मलकाल येथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडीत आपण हवालदार आहात. सातारा जिल्ह्यातील गावी पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि मधुमेहाचा त्रास असलेली आई आहे. चुलतभावाने बांधाच्या वादावरून दिवाणी दावा लावला आहे, मुलगी फोनवर यायला तयार नाही, आणि आपण ‘सगळे ठीक आहे’ म्हणालात की पत्नी गप्प होते. मुदतीआधी परतण्यासाठी अर्ज करावा का, असे आपण विचारले आहे. शेवटी लिहिले आहे की छावणीच्या आश्रयाला आलेल्या माणसांकडे पाहिले की स्वतःच्या घराची काळजी करण्याचीही लाज वाटते.

मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पत्रातील बाकीच्या गोष्टी त्याच्याखाली दबल्या आहेत असे मला वाटते. डिसेंबर 2013 मध्ये राजधानी जुबा येथे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या बाजूच्या फौजांमध्ये लढाई पेटली, ती काही दिवसांत मलकालपर्यंत पोहोचली, आणि शिलुक, नुएर, डिंका अशा वेगवेगळ्या समाजांतील हजारो माणसांनी जीव वाचवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तळाचा आसरा घेतला. फेब्रुवारी 2016 मध्ये त्या आश्रयस्थानातही हल्ला झाला, माणसे मारली गेली आणि निवारे जाळले गेले. अशा ठिकाणी रात्री टॉवरवर पहारा देताना कुंपणापलीकडे लहान मूल रडले आणि आपल्याला आपली मुलगी आठवली, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? त्या मुलांची दया येणे आणि स्वतःच्या लेकीची ओढ लागणे या दोन्ही गोष्टी एकाच मनातून येतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या भारतीय शिपायांच्या टपालाचे उतारे सेन्सॉरच्या अहवालांत शिल्लक आहेत; तोफांच्या माऱ्यात बसलेली ती माणसेही जमीन, गुरे आणि घरातील लग्नकार्ये यांची चौकशी करत होती. त्यांना कोणी भित्रे म्हटलेले नाही. आपणही स्वतःला तसे म्हणू नका.

आता पत्नीविषयी. मार्च 2025 मध्ये नासिर येथून जखमींना हलवताना संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि त्यात एक कर्मचारी मारला गेला, ही बातमी त्यांनी मोबाइलवर वाचली. नासिर आपल्याच अप्पर नाईल प्रांतात आहे, हेही त्यांनी नकाशात शोधून काढले. त्या संध्याकाळी आपण फोनवर म्हणालात, ‘इथे काही नाही, सगळे ठीक आहे.’ हेतू चांगला होता, यात शंका नाही; पण त्या क्षणी त्यांना एवढेच कळले की नवरा आपल्याला खरे सांगत नाही, आणि तेव्हापासून आपण खरोखर ठीक असलात तरी त्यांना ते पटत नाही. गस्त कधी निघणार आणि कुठे जाणार, हे आपण सांगू शकत नाही व सांगूही नये. परंतु पावसात काळ्या मातीचे रस्ते बंद होतात, मग रसद विमानाने किंवा नदीतून येते, कोणाला मलेरिया झाला, त्या बातमीच्या दिवशी तळावर सगळ्यांच्या मनावर ताण होता, हे सांगण्याला कोणताही नियम आड येत नाही. ‘त्या दिवशी मलाही काळजी वाटली होती’ एवढे एक वाक्य त्यांना सांगा. माझ्या मते आपल्या साऱ्या धीराच्या शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

फोनची वेळही बदला. आपण रात्री नऊला फोन करता तेव्हा गावी साडेबारा वाजलेले असतात. दिवसभर शेत, सासूबाईंची औषधे आणि मुलीची शाळा सांभाळून त्या तोवर जाग्या असतात आणि मुलगी झोपलेली असते किंवा झोपेतून उठवल्यामुळे चिडलेली असते. ती फोनवर येत नाही याचे निम्मे कारण इथेच असावे. ड्यूटी जमेल त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बोला. गावी साडेसहा झालेले असतील. मुलीला अभ्यासाचे विचारू नका, रागवूही नका. तिथली नाईल, तिथली लांब शिंगांची गुरे यांविषयी सांगा आणि ती बोलेपर्यंत थांबा. नेटवर्क गेल्यास किती दिवस वाट पाहायची आणि त्यानंतर रिअर पार्टीत, म्हणजे युनिटच्या भारतात मागे राहिलेल्या तुकडीत, कोणाला फोन करायचा, हे आजच ठरवून द्या.

दाव्याबाबत घाई करू नका, पण दुर्लक्षही करू नका. 1925 च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टनुसार परदेशी सेवेत असलेल्या सैनिकाला न्यायालयात हजर राहता येत नसेल आणि त्याच्या वतीने कोणी अधिकृतपणे उभे नसेल, तर लष्कराच्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर कामकाज पुढे ढकलले जाऊ शकते. म्हणून मुखत्यारपत्र किंवा वकीलपत्र सही करून पाठवण्यापूर्वी या तरतुदीविषयी वकिलाला विचारा. समन्सची प्रत कंपनी कमांडरना दाखवा, आणि पत्नीला ती घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला सांगा. आईचे नाव अवलंबित म्हणून आपल्या कागदपत्रांत आहे का, हेही तपासा. असेल तर लष्करी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार होऊ शकतात.

राहिला परतण्याचा अर्ज. आपण तो पत्नीला न विचारता लिहायला निघाला आहात, हे मला पटले नाही. गेले कित्येक महिने घर त्या चालवत आहेत आणि आपली गरज नेमकी कुठे आहे हे त्यांना अधिक ठाऊक आहे. कदाचित त्या ‘या’ म्हणतील. मग संकोच न करता सुभेदार साहेबांशी बोला आणि अर्ज द्या. कदाचित त्या ‘दाव्याचे तेवढे बघा, बाकी मी निभावते’ असे म्हणतील, आणि तसे म्हणाल्या तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा. झोप येत नाही असे आपण ओझरते लिहिले आहे; त्यासाठी मात्र कोणाच्या उत्तराची वाट न पाहता या आठवड्यातच युनिटच्या डॉक्टरांना भेटा.

आपली,
ताई