चिंचेच्या लाकडाचे पेन का तडकले?

प्रश्न : परसातल्या जुन्या चिंचेची फांदी वादळात पडली. तिच्या गाभ्यातून घरच्या लहान लेथवर पेन घडवले. पण पंधरा दिवसांतच त्याला उभी चीर गेली. फणसाचे पेनही पिवळे राहिले नाही. माझे काय चुकले? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : लाकूड ओले होते, एवढीच चूक झाली. पेनाच्या आत बसवलेली पितळी नळी आकसत नाही, भोवतालचे लाकूड मात्र वाळताना आकसते आणि नळीवर ताणले जाऊन अखेर फाटते. चिंचेचा जांभळट तपकिरी गाभा अतिशय घट्ट असतो आणि फार सावकाश वाळतो, म्हणून त्याचे सुमारे 20 मिलिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे कापून दोन्ही टोकांना मेण लावावे, कारण ओल टोकांतूनच सर्वांत लवकर निघते आणि चिरांची सुरुवातही तिथेच होते. तुकडे सावलीत ठेवून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावेत. सलग तीन-चार आठवडे वजन बदलले नाही, की लाकूड तयार झाले असे समजावे. पावसाळ्यात मात्र या परीक्षेवर विसंबू नये. छिद्र पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा, कारण तापलेले लाकूडही तडकते.

फणसाचा पिवळा रंग उजेडाने काळवंडत तपकिरी होतो. तो दोष नव्हे. मला तर तो मुरलेला रंगच अधिक देखणा वाटतो.